ओढणीतले टवके

गिताबाईचं बोट कापलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं. सर्जेरावच्या मळ्यात कांद्याची लागण चालली होती. गिताबाईनं चिखलात रोप खोचलं आणि हात बाहेर काढला तो रक्तानं माखलेला. बाटलीची काच असणार म्हणून तिनं टाकणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत चिखल चाचपला, तर हाताला लागलं ते दगडाचं टोक. लिंबाच्या पानाएवढं, तसंच निमुळतं, मधाच्या रंगाचं, आणि पदरानं पुसून उन्हात धरलं की आरपार उजेड दाखवणारं.

आता सर्जेराव म्हणजे काही साधा माणूस नव्हे. तरुणपणी घोडनदीच्या काठी उत्खनन चाललं होतं तेव्हा त्यानं दोन हंगाम माती चाळली होती, आणि तेवढ्या भांडवलावर तो गेली पन्नास वर्षं गावाला इतिहास शिकवत होता. त्यानं टोक हातात घेतलं आणि जागच्या जागी जाहीर केलं, पाच हजार वर्षं. दुपारपर्यंत फोटो शिरूरला पोचला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आला. फोटोत सर्जेराव फेटा बांधून, टोक कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरून वाफ्यात उभा आणि मागं त्याचं गुऱ्हाळ.

पण सगळ्यांच्या आधी त्यानं तो फोटो पाठवला होता दौंडला, लालमहंमदला. दोघांनी एकाच चाळणीवर माती चाळलेली. पुढं सर्जेराव उसात गेला आणि लालमहंमद रेल्वेत फिटर झाला, पण दोस्ती टिकली.

लालमहंमदनं फोटो बघितला आणि चहाचा कप खाली ठेवला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. टोकावर टवके काढल्याचे वण सगळे एका अंगाला झुकलेले होते, आणि ते अंग डावऱ्या हाताचं होतं. मधोमध एक दुधाळ शीर गेली होती. ती शीर त्याच्या ओळखीची होती. तो दगड त्यानं स्वतः भीमेच्या पात्रातून उचलून आणला होता.

टोक पाच हजार वर्षांचं नव्हतं. तीन वर्षांचं होतं. मेहकनं केलेलं होतं. मेहक म्हणजे लालमहंमदची एकुलती एक मुलगी, आणि तिला जाऊनही तीनच वर्षं झाली होती.

तेवढ्यात सर्जेरावचा फोन आला. "बघितलंस का लाल्या? आपण दोन वर्सं माती चाळली तवा असलं एक घावलं न्हाई, आन् आता माझ्याच वाफ्यात! बुधवारी पुण्याहून उत्खननवाल्या मॅडम येणार हायत. तू ये. तुझ्याबिगर मज्जा न्हाई."

"येतो," लालमहंमद म्हणाला. 

बापलेकीचं हे दगड घडवायचं वेड त्या उत्खननातलंच. तिथल्या एका म्हाताऱ्या प्रोफेसरांनी एका दुपारी पोरांना बाभळीखाली बसवून जुनी माणसं दगडाची पाती कशी काढायची ते करून दाखवलं होतं. बाकीचे बघून विसरले. लालमहंमद विसरला नाही. लोकोशेडमधल्या जळलेल्या मोटारीची जाड तांब्याची तार पेरूच्या लाकडात बसवून त्यानं हत्यार केलं आणि त्याला नाव दिलं दाबणी. नोकरीत असताना आणि रिटायर झाल्यावरही दर रविवारी तो अंगणात दगड घेऊन बसायचा. गल्लीतली माणसं म्हणायची, याला लोखंड पुरत नाही.

दाब देऊन टवका काढणं हे बघणाऱ्याला ताकदीचं काम वाटतं. खरं तर ते थांबण्याचं काम आहे. एका तळहातावर चामड्याचा तुकडा, त्यावर दगड, दुसऱ्या हातात दाबणी. तांब्याचं टोक दगडाच्या कडेवर टेकवायचं, अंगाचा भार हळूहळू आत ढकलायचा आणि शेवटी मनगट जरासं खाली वळवायचं. बारीक टिक् होतं आणि खालच्या बाजूनं नखाएवढा टवका सुटतो. पण त्याआधी, प्रत्येक वेळी, कड खडबडीत दगडावर घासून बोथट करावी लागते. धारदार कडेवर दाब दिला तर तिचा नुसता चुरा होतो. नवशिके इथंच फसतात, कारण चांगली धार दिसली की त्यांना ती मोडवत नाही.

शिवाय नदीतली गारगोटी कच्ची असेल तर कुणाला दाद देत नाही. तिला आधी भाजावं लागतं, तेही सबुरीनं. त्यासाठी सर्जेरावचं गुऱ्हाळ होतं. वाळूनं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात दगड पुरायचे आणि डबा चुलवाणात राखेच्या कडेला सारायचा. वर काहिलीत रस उकळायचा, खाली दगड शेकायचे. चुलवाण पुरतं निवल्याशिवाय डबा उघडायचा नाही. घाई केली तर दगड आतून तडकतो आणि वरून कळतही नाही. म्हणून डबा उघडायचा तो फक्त लालमहंमदनं, असा नेमच होता. सर्जेराव गुऱ्हाळाचा मालक, पण डब्याला हात लावायची त्याला मुभा नव्हती.

मेहक या कामात आली ती दहाव्या वर्षी. डावरी असल्यामुळं तिला बापाची नक्कल करता येईना, सगळं उलटं करून शिकावं लागलं, आणि त्यामुळंच ती बापाच्या पुढं गेली. कॉलेजात गेल्यावर ती मोबाइलवर परदेशातल्या कारागिरांचे व्हिडिओ बघायची. दोन्ही अंगांनी घडवलेलं पानासारखं टोक हे तिनं तिथून उचललं आणि बापाला शिकवलं. एम.ए.ला पुण्याला जायला लागली तेव्हाही, डेमू लोकलनं दमून आली तरी, रविवारी गच्चीवर बसायचीच. मांडीवर एक जुनी हिरवी ओढणी पसरायची, म्हणजे टवके इकडंतिकडं उडून कुणाच्या पायात जाऊ नयेत.

घरात एकच नियम होता आणि तो प्रोफेसरांकडून आलेला. नव्या टोकावर खूण पाहिजे. खुणेशिवायचं टोक उद्या कुठं मातीत पडलं तर शिकलेला माणूससुद्धा फसेल आणि खऱ्या जुन्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून टोक पुरं झालं की काच कापायच्या हिऱ्यानं त्याच्या बुडाशी बारीक रेघ मारायची. एक रेघ लालमहंमदची, दोन रेघा मेहकच्या.

त्या श्रावणातल्या रविवारी मेहकनं ते मधाच्या रंगाचं टोक पुरं केलं. खाली बसलेल्या बापाकडं ती गच्चीवरून धावत आली. "अब्बा, देखो तो."

लालमहंमदनं बघितलं. पन्नास वर्षांत त्याच्या हातून असं एक टोक निघालं नव्हतं. दुधाळ शीर तिनं बरोबर मधोमध घेतली होती.  आणि लेकीचं असं कौतुक वाटलं की बरीच बापमाणसं करतात तेच त्यानं केलं. कडक आवाजात विचारलं, "खूण कुठाय?"

"ह्याला नको ना अब्बा. बुडाला एवढीशी जागा आहे. ओरखडा मारला की नजर तिथंच जाते."

"खुणेशिवाय टोक ह्या घराचा उंबरा ओलांडणार न्हाई."

"एकच. एवढं एकच."

"एकबी न्हाई."

मेहकनं टोक मुठीत घेतलं. "तुम्हाला सगळ्यावर तुमचीच खूण लागते," ती म्हणाली, चपला घातल्या आणि स्कूटी काढून गेली. संध्याकाळी परत आली ती रिकाम्या हातानं. टोक कुठं आहे म्हणून त्यानं विचारलं तर "गेलं" एवढंच म्हणाली. नदीत फेकलं असणार असं त्यानं धरलं. एवढा राग! त्यालाही राग आला. दोन दिवस दोघं एकमेकांशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला. डेंग्यू निघाला. पुण्याला नेलं, रक्त दिलं, सगळं केलं, आणि आठव्या दिवशी ती गेली. शेवटचे दिवस ती शुद्धीवर नव्हतीच. टोक छान झालं होतं, हे चार शब्द लालमहंमदच्या तोंडातच राहिले.

गच्चीवर ती ओढणी तशीच पडली होती, टवक्यांसकट. त्यानं तिची चार टोकं एकत्र बांधली आणि पेटीत तळाशी ठेवली. दाबणी माळ्यावर गेली. त्यानंतर त्यानं दगडाला हात लावला नाही.

सर्जेरावचा फोन यायचा. दसऱ्याला आला, "लाल्या, चुलवाण पेटवायचंय, तुझा डबा हितंच हाय, येतोस का?" हा म्हणाला, राहू दे. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सर्जेराव मेहकचं नाव काढायला गेला की हा फोन ठेवून द्यायचा. शेवटी गेल्या उन्हाळ्यात चुलवाण दुरुस्तीला काढलं तेव्हा सर्जेरावनं विचारलं, "त्या डब्याचं काय करू रं?"

"टाकून दे," लालमहंमद ओरडलाच. "वाळू, दगड, काय असंल ते टाकून दे. आन् मला परत इचारू नको."

आता पेपर समोर ठेवून तो मुमताजपुढं बसला होता. मुमताज त्याची बायको. दगडांच्या वेडात ती कधी पडली नव्हती, पण पोरीचं काम तिनं पेपरातल्या धुरकट फोटोवरूनही ओळखलं. बराच वेळ तिनं त्या फोटोवर बोट ठेवलं होतं.

"राहू द्या ना तिथं," ती म्हणाली. "काचेत ठेवतील. लांबून लोक बघायला येतील. आपल्या पोरीला आता कोण येतंय बघायला?"

"पण खाली तिचं नाव नसंल, मुमताज."

"कबरीवर तरी कुठं आहे?"

लालमहंमदनं पेपरची घडी घातली. दोन दिवस तो घरातल्या घरात फिरत राहिला. खरं सांगितलं तर सर्जेरावचा भर गावात पाणउतारा होणार. नाही सांगितलं तर सरकारी काचेत मेहकचं टोक खोट्या वयानं पडून राहणार, आणि त्याला ते या जन्मात हातात घ्यायला मिळणार नाही. ते परत पाहिजे होतं त्याला.  आणि ज्या चुकीची त्यानं पोरीला भीती घातली होती ती अगदी तशीच घडली होती. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा एवढा राग माणसाला कधी आला नसेल.

बुधवारी सकाळी मुमताजनंच पेटी उघडली आणि ओढणीचं गाठोडं त्याच्या पिशवीत ठेवलं.

"आज ना उद्या कुणीतरी ओळखणारच," ती म्हणाली. "मग म्हणतील, शिकलेल्या पोरीनं मुद्दाम शेतात पुरून फसवलं. तसं नको. घेऊन या तिला घरी."

शिरूरच्या एसटीत तो गाठोडं मांडीवर धरून बसला. गाडी खड्ड्यात आपटली की आत बारीक खळखळ व्हायची.

मळ्यात कापडी मांडव घातला होता. सरपंच, पतसंस्थेचे चेअरमन, हार, नारळ, सगळा सरंजाम. सर्जेराव लग्नातल्या वधुपित्यासारखा घामाघूम होऊन हिंडत होता. त्यानं स्वतःशेजारची खुर्ची लालमहंमदसाठी राखून ठेवली होती आणि तिच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

"सर्जा, जरा बाजूला ये. बोलायचंय."

"मागनं बोल की. मॅडम आल्या बघ."

सुलक्षणा मॅडम तिशीतल्या होत्या, उन्हानं रापलेल्या, पायात मातीचे बूट. त्यांनी हार घेतला नाही, टोक घेतलं. भिंगातून बराच वेळ बघितलं. बुडाला राखेचं आणि चिखलाचं घट्ट पुट बसलं होतं, ते त्यांनी तसंच राहू दिलं.

"दोन्ही बाजूंनी असं घडवलेलं टोक आपल्या भागात सापडत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणूनच मी धावत आले. जुनं असेल तर फार मोठी गोष्ट आहे."

सर्जेरावची छाती फुगली. लालमहंमद उभा राहिला. 

"मॅडम, ते जुनं न्हाई. माझ्या पोरीनं केलंय."

मांडवात कुणीतरी हसलं. सर्जेराव हसला नाही. "लाल्या, चेष्टेची ही जागा न्हवं."

"चेष्टा न्हाई सर्जा. मेहकचं हाय ते."

"पन्नास वर्सांत एक गोष्ट माझ्या वाट्याला आली," सर्जेरावचा आवाज चिरकला, "तीबी तुला बघवंना व्हय रं? आन् त्यासाठी मेलेल्या पोरीचं नाव घेतोस?"

हा वार वर्मी बसला. लालमहंमदला वाटलं, आत्ता पिशवी उचलावी आणि चालतं व्हावं. पण मॅडम त्याच्याकडंच बघत होत्या, शांतपणे.

"काका, नवी टोकं घडवणारे त्यावर खूण करतात ना? हिनं केलीय का?"

"न्हाई," तो म्हणाला. भर मांडवात हे सांगताना त्याला पोरीची चहाडी केल्यासारखं झालं. "ह्यावर केली न्हाई तिनं. त्याच्यावरनंच आमचं भांडण झालं. पण टवके हायत. ह्याच टोकाचे. सगळे."

नारळ बाजूला सारून त्यानं टेबलावर गाठोडं ठेवलं. गाठ त्यानं स्वतःच मारलेली, पण सुटेना. शेवटी दातानं सोडवली. तीन वर्षांनी ओढणी उघडली. आत मधाच्या रंगाचे टवके होते, शेदीडशे, काही नखाएवढे, काही तांदळाच्या कणीएवढे. त्यांच्यात एक लांब काळा केस अडकला होता. तो त्यानं चिमटीत धरला आणि कुणाला दिसायच्या आत सदऱ्याच्या खिशात ठेवला.

वारा सुटला होता. बोटाला पट्टी बांधलेली गिताबाई पुढं आली, पदर पसरून टेबलाच्या आडवी उभी राहिली. लालमहंमद आणि मॅडम टवका टवका उचलून टोकाशी जुळवून बघायला लागले. हे काम तांदूळ निवडण्याहून किचकट. अर्धा तास काही जमेना. सरपंच उठून गेले, चेअरमन उठून गेले, मांडव रिकामा होत आला. सर्जेराव खुर्चीतून हलला नाही. फेटा काढून त्यानं मांडीवर ठेवला होता.

मग एक टवका बसला. दुधाळ शीर टोकावरून टवक्यावर सरळ चालत गेली.  दुसराही तासाभरात बसला.

"आणखी एक बसला तर शंकाच उरणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हा बुडाचा दिसतोय. तिथलं पुट धुवावं लागेल."

त्यांनी मऊ ब्रश पाण्यात भिजवला आणि बुडाची राख हळूहळू सोडवायला घेतली. मग एकदम थांबल्या. भिंग डोळ्याला लावलं.

"काका, खूण आहे."

लालमहंमदला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "दोन रेघा?"

"नाही. एकच."

त्यानं भिंग घेतलं.  बुडाशी, जिथं एवढीशी जागा होती, तिथं हिऱ्यानं मारलेली बारीक रेघ होती. एक. सरळ आणि न डगमगता मारलेली, त्याच्या रेघेच्याच मापाची.

"एक रेघ म्हंजी माझी खूण," तो म्हणाला.

"मग टोक तुमचं?"

"न्हाई. टवके डावऱ्या हाताचे हायत, बघा की. खूण माझी, हात तिचा." आणि मग तो लहान पोरासारखा विचारायला लागला, "पण तिनं कवा मारली? कुठं मारली? घरातनं तर बिनखुणेचंच घेऊन गेली व्हती. नदीत टाकलंय म्हणून मी..."

सर्जेराव खुर्चीतून उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"नदीत न्हाई टाकलं," तो म्हणाला. "लाल्या, हिकडं आली हुती ती. त्याच दिवशी. मी म्हटलं, पोरी एवढ्या उन्हाची कशी? म्हणाली, काका, अब्बाच्या डब्यात एक दगड ठेवायचाय. चुलवाणाच्या कट्ट्यावर बसली हुती, पर्समधनं कायतरी काढून खरवडत हुती. मग वाळूत पुरला आन् म्हणाली, काका, तुम्ही हात लावू नका. दसऱ्याला अब्बा दगड भाजायला येतील, तवा त्यांच्याच हाताला लागू दे. हसत हुती रं."

लालमहंमदनं भिंग टेबलावर ठेवलं.

"मला वाटलं कच्चा दगड असंल, नेहमीसारखा. दसऱ्याला तुला फोन केला. पुढच्या साली केला. पोरीनं ठेवलाय म्हणून सांगायला गेलो की तू फोन ठेवायचास. उन्हाळ्यात तू म्हणालास टाकून दे. म्हणून मी डबा राखेच्या ढिगावर पालथा केला, आन् राख ट्रॅक्टरनं ह्या वाफ्यात वढली." सर्जेरावनं वाफ्याकडं बोट केलं. "मीच टाकलं रं ते. आपल्या हातानं."

"मी सांगितलं म्हणून टाकलंस," लालमहंमद म्हणाला.

दोघं म्हातारे त्या रिकाम्या मांडवात एकमेकांचा हात धरून उभे राहिले. सर्जेराव मोठ्यानं रडत होता. लालमहंमदला रडूही येत नव्हतं. फक्त एकदा यायचं होतं इथं. दसऱ्याला, किंवा त्याच्या पुढच्या दसऱ्याला. डब्यात हात घातला असता तर पहिल्या मुठीतच लागलं असतं. तिनं राग धरला नव्हता. ती घरातून निघाली, बापाची खूण मारली, बापालाच सापडावं म्हणून बापाच्याच डब्यात ठेवलं, आणि परत येऊन तोंड फुगवून बसली कारण दसऱ्याची गंमत फुटू नये. आणि तो तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता.

मॅडमनी कागद पुढं ओढला. त्यांचेही डोळे भरले होते, पण नोंद करायला हवी होती. त्यांनी लिहिलं, अलीकडच्या काळातली वस्तू, पुरातत्त्वीय मूल्य नाही. मग विचारलं, "करणाऱ्याचं नाव काय लिहू?"

"मेहक लालमहंमद शेख," तो म्हणाला. "नीट लिवा. खाली सही पाहिजे तर मी करतो."

टोक आणि टवके त्यांनी त्याच्या स्वाधीन केले. सर्जेराव त्याला एसटीपर्यंत सोडायला आला. गाडी हलल्यावर खिडकीच्या बाजूनं चार पावलं चालला.

लालमहंमद दौंडला उतरला तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान होत होती. मुमताज दारातच उभी होती. त्याचा चेहरा बघून तिनं हात पुढं केला. लालमहंमद पायरीवर थांबला आणि उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यानं टोक तिच्या तळहातावर ठेवलं.

"खूण हाय तिच्यावर," तो म्हणाला. "माझी. आत घे."

मुमताजनं मूठ मिटली. धार लागेल म्हणून एरवी ती दगडांना शिवायची नाही, आज तिनं मूठ घट्ट केली. दोन पावलं आत गेली आणि वळून म्हणाली, "तुम्ही पण या ना."

तो पायरीवर बसला होता. सदऱ्याच्या खिशावर हात ठेवून.

"छान झालं होतं म्हणून सांग तिला," तो म्हणाला. "मी बसतो इथं जरा."